बायकोची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली, मग नवऱ्याने कशाला करायची?

कारण तिचा रिपोर्ट फक्त तिचा आहे, तुमचा नाही. गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना तिला तुमच्याकडून नवा संसर्ग झाला, तर सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातलं विषाणूंचं प्रमाण खूप जास्त असतं आणि बाळाला धोका सर्वाधिक तेव्हाच. वर, पहिला निगेटिव्ह रिपोर्ट हातात असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

म्हणून तिच्याबरोबरच चाचणी करा. अलीकडे जोखीम घेतली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा, कारण तोपर्यंत रॅपिड टेस्ट चुकू शकते. मधल्या काळात कंडोम.

तुम्ही पॉझिटिव्ह निघालात तर एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी रोजची औषधं, लगेच सुरू करा. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबायला साधारण सहा महिने लागतात, तोवर कंडोम सोडू नका. तिच्यासाठी प्रेपच्या, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. गरोदरपणातही त्या देता येतात.

तीच पॉझिटिव्ह असेल तर? एआरटीच्या गोळ्या अनेकदा सुटतात त्या घरच्यांपासून लपवून घ्याव्या लागतात म्हणून. नवऱ्याला माहीत असेल तर निम्मं काम तिथेच होतं. बाळाचं औषध आणि सहाव्या आठवड्याची एचआयव्ही तपासणी तुम्ही अंगावर घ्या.