जिनिंगमधल्या आगीच्या यंत्रासाठी क्लाउड डॅशबोर्ड कसा करावा?

तुम्ही विचारलंय की मानवतजवळ तुमच्या काकांचं जिनिंग आहे, तिथल्या गोदामासाठी ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलरवर एमक्यू-२ हा वायू-धुराचा आणि डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडून आगीची वर्दी देणारं यंत्र बनवलंय, आणि आता त्याचा डॅशबोर्ड (मोबाईलवर आकडे दाखवणारा पडदा) कुठल्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, आणि कसा करायचा. मी परभणी-सेलू पट्ट्यात जिनिंग आणि डाळमिलमध्ये हीच कामं करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे यंत्राची माहिती साठवून दाखवणाऱ्या क्लाउड सेवेच्या, आधी एक घडलेलं सांगतो. एका जिनिंगमध्ये मी बसवलेल्या यंत्राचा डॅशबोर्ड पहाटे चार वाजता माझ्या मोबाईलवर हिरवागार होता. तापमान ३१.४, धूर नाही. त्याच वेळी वॉचमन मामा फोनवर सांगत होते, "साहेब, गंजीतून जळका वास यायलाय." गंजी फोडली तर आत हातभर कापूस काळा पडून धुमसत होता. माणसं जागी होती, पाणी हाताशी होतं, म्हणून निभावलं. उजाडल्यावर पाहिलं तर राऊटरचा प्लग बोर्डातून काढलेला आणि त्या जागी कुणाचा तरी मोबाईल चार्जिंगला लावलेला. ३१.४ हा आकडा आदल्या संध्याकाळचा होता. नऊ तास तो पडद्यावर तसाच बसून होता आणि तो शिळा आहे हे कुठेच दिसत नव्हतं. त्यात भोंगा वाजवायचा निर्णयही मी क्लाउडवर ठेवला होता. नेट नाही, तर भोंगाही नाही.

म्हणून पहिलं काम: आग आहे की नाही हे यंत्रानं जागेवरच ठरवायचं आणि भोंग्याची वायर थेट यंत्राच्या रिलेवर (विजेनं चालणाऱ्या स्विचवर) घ्यायची. सगळ्याला बॅटरीचा आधार द्या. लाईट जाते तेव्हाही गोदामात कापूस असतोच. क्लाउडचं काम एवढंच, की जे तिथे नाहीत त्यांना कळवणं आणि नोंद ठेवणं.

आता प्लॅटफॉर्म. थिंगस्पीक आलेख पाहायला छान आहे, पण फुकट खात्यात दोन नोंदींमध्ये १५ सेकंदांचं अंतर ठेवावं लागतं आणि त्याचा पिंड अभ्यासाचा आहे. ब्लिंक लवकर जमतं, मोबाईल ॲप तयार मिळतं. एकच यंत्र असेल आणि आठवड्यात काम उरकायचं असेल तर तेच घ्या. तुमच्याकडे पुढे प्रेस, सरकीचं गोदाम असं वाढत जाणार असेल तर मी थिंग्जबोर्ड सुचवेन. ते मुक्तस्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही चालतं, आणि मुख्य म्हणजे त्यात 'अलार्म' ही वेगळी गोष्ट आहे: कधी लागला, कुणी पाहिला, कधी मिटला, सगळं नोंदलं जातं.

जोडणी अवघड नाही. थिंग्जबोर्डवर 'डिव्हाइस' तयार करा, त्याचं टोकन (यंत्राची गुप्त ओळख) उचला आणि एमक्यूटीटीनं (यंत्रांनी छोटे संदेश पाठवायची पद्धत) जोडताना ते युजरनेमच्या जागी टाका. एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवरची माहिती उपग्रहावरून आणायला बनलं, त्यामुळे आपल्याकडच्या दुबळ्या नेटवरही ते बरं चालतं. दर मिनिटाला तापमान, धूर, बॅटरीचा व्होल्टेज आणि 'लाईट आहे की नाही' एवढं पाठवा. आग वाटली तर मिनिटाची वाट न पाहता लगेच. नेट गेल्यावर साठवलेल्या नोंदी नंतर पाठवणार असाल तर प्रत्येक नोंदीसोबत तिची वेळही पाठवा. नाहीतर सर्व्हर त्यांना पोचल्याची वेळ लावतो आणि रात्री दोनची घटना सकाळी आठची दिसते.

डॅशबोर्डवर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात, शेवटची नोंद किती वाजता आली ते लिहा. तापमान त्याच्या खाली. आणि यंत्र पाच मिनिटं गप्प राहिलं तर तो स्वतंत्र अलार्म समजा. थिंग्जबोर्ड यंत्र चालू आहे की निष्क्रिय हे स्वतः पाहतं, फक्त निष्क्रिय ठरवायची मुदत आपण द्यायची. गप्प यंत्राचा रंग हिरवा कधीच नको, राखाडी ठेवा.

मर्यादा ठरवताना आपल्या उन्हाचा विचार करा. ठरावीक तापमानाला वाजणारे तयार डिटेक्टर साधारण ५७ अंशांचे असतात. मे महिन्यात बाहेर ४३ असताना पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळ किती होतं ते आधी आठवडाभर मोजा, मग आकडा टाका. आकड्यापेक्षा वेग जास्त खरं बोलतो: मिनिटाला आठेक अंशांनी चढलं तर ते ऊन नव्हे.

आणखी एक, यानं माझ्या दोन रात्री खाल्ल्यात. डीएस१८बी२० ला वीज मिळाल्याबरोबर पहिलं वाचन ८५ येतं. ते तापमान नसून त्याची सुरुवातीची ठेव असते. वायर सुटली की सेन्सर वाचणारी लायब्ररी (तयार कोड) -१२७ दाखवते. लाईट आली की दरवेळी ८५ चा अलार्म वाजायला लागला तर चौथ्या दिवशी कुणीतरी भोंग्याची वायरच काढतं. सुरू झाल्यावरचं ८५ टाकून द्या, सलग तीन वाचनं जुळली तरच वाजवा आणि -१२७ ला 'सेन्सर तुटला' असा वेगळा संदेश ठेवा.

एमक्यू-२ बद्दल स्पष्ट सांगतो: तो मुळात ज्वलनशील वायूचा सेन्सर आहे, आत हीटर असतो, आणि रुईचा भुरका बसला की त्याचं वाचन भरकटतं. त्याच्यावर गोदाम सोपवू नका. प्रमाणित धूर डिटेक्टर घ्या आणि त्याच्या रिलेचा संपर्क ईएसपी३२ च्या पिनला द्या. आग शोधक यंत्रणेसाठी आयएस २१८९ हे भारतीय मानक आहे. गोदामाची मूळ यंत्रणा त्याप्रमाणे हवी आणि तुमचं यंत्र तिच्या जोडीला. गंजीच्या पोटात धुमसणारी आग छतावरच्या कुठल्याही सेन्सरला उशिराच कळते, म्हणून वॉचमन मामांची फेरी बंद करू नका.

राहिली सूचना. ॲपची टिंग आणि टेलिग्रामचा संदेश रात्री दोनला झोपलेल्या माणसाला उठवत नाहीत. फोनच वाजला पाहिजे. त्यासाठी यंत्रात जीएसएम मॉड्यूल (सिमकार्डवरून कॉल करणारा भाग) टाका, म्हणजे वायफाय मेलं तरी कॉल जाईल. सिम८००एल स्वस्त आहे, पण ते फक्त २जी वर चालतं, जिओचं सिम त्यात चालणार नाही. ४जी चं मॉड्यूल घेतलेलं बरं. आणि दोन नंबर टाका: एक मालकाचा, एक जिनिंगपासून पाच मिनिटांवर राहणाऱ्या माणसाचा.

हे सगळं झालं की काकांना न सांगता एका रात्री राऊटरचा प्लग काढा आणि किती मिनिटांनी त्यांचा फोन वाजतो ते घड्याळ लावून बघा. आलेख आणि रंगांचं काम त्यानंतर. शेडमध्ये कुठल्या कंपनीची रेंज मिळते ते लिहा, मॉड्यूल आणि अँटेनाचं त्याप्रमाणे सांगतो.