गणितात कमी मार्क, मग इंजिनिअरिंग कसं जमणार?

माझ्याकडे समुपदेशनासाठी नववी-दहावीच्या मुलांचे पालक येतात ते बहुतेक एकच मागणी घेऊन. "मॅडम, याला इंजिनिअरिंगची गोडी लावा." मुलांचं उत्तरही ठरलेलं असतं, "मला गणित जमत नाही." सांगलीकडच्या एका नववीतल्या मुलीबद्दल सांगते. तिला वैष्णवी म्हणू.

आई म्हणाली, "हिच्या बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यांना शिकता आलं नाही, हिने तरी इंजिनिअर व्हावं. पण ही नाव काढू देत नाही."

"घटक चाचणीत वीसपैकी आठ पडले," वैष्णवी खाली बघत म्हणाली. "माझ्यासारखीने कसलं इंजिनिअर व्हायचं?"

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराने काम करते: त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या समजुतीने होतो. आठ मार्क ही घटना; 'म्हणजे माझी लायकीच नाही' ही वैष्णवीने स्वतः घातलेली भर. अडवते ती ही भर. पण हे नुसतं समजावलं तर मुलं मान डोलावतात आणि घरी जातात. पुरावा त्यांच्याच तोंडून यावा लागतो. म्हणून पहिल्या काही भेटींत मी इंजिनिअरिंगचा विषयच काढला नाही. दुकानाबद्दल विचारत राहिले.

"सध्या काय येतंय दुरुस्तीला?"

"शेतातल्या पाण्याच्या मोटरी. जळालेल्या."

"कशाने जळतात?"

ती पहिल्यांदाच सरसावून बसली. "मोटरला वीज तीन फेजने, म्हणजे तीन तारांनी येते. एक फेज गेला तरी मोटर चालूच राहते. उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतो, वाइंडिंग तापतं. स्टार जोडणीची, म्हणजे तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडलेली मोटर खोलली की कळतं, दोन फेजच्या कॉइल काळ्या पडलेल्या, तिसरी कोरी."

"मग उपाय?"

"प्रिव्हेंटर बसवायचा. फेज गेला की तो मोटर बंद करतो." मग जरा थांबून, "पण मॅडम, फेज गेलाय हे त्याला कळतं कसं?"

मी लगेच काही बोलले नाही. मग म्हटलं, "कारण तू सांगितलंस, उपायही सांगितलास, आणि आता त्या उपायाच्या आत काय आहे ते विचारतेयस. इंजिनिअर हेच करतात."

"पण गणित लागतंच ना?"

"लागतं. कुठे लागतं ते शोधून ये."

पुढच्या भेटीला ती वही घेऊनच आली. शेजारच्या डिप्लोमा करणाऱ्या दादाने सांगितलं होतं, दोन फेजमधले ४१५ व्होल्ट वर्गमूळ ३ ने भागले की एक फेज आणि न्यूट्रलमधले साधारण २४० येतात. "मॅडम, हे वर्गमूळ ३ आमच्या पुस्तकात आहे! मला वाटायचं, नुसतं परीक्षेसाठी असतं." त्या दिवसानंतर तिला गणित सोपं झालं असं नाही, पण ते तिच्या कामाचं झालं.

बहुतेक मुलांनी इंजिनिअरचं काम पाहिलेलंच नसतं, त्यांना दिसते ती फक्त प्रवेश परीक्षा. नकार येतो तो परीक्षेला. त्यामुळे पॅकेजचे आकडे सांगून गोडी लागत नाही. आधी काम दाखवा. गणिताची गरज त्या कामातून उभी राहू द्या. घरातला बिघडलेला मिक्सर प्लग काढून मुलांसमोर खोला. गावातलं वीज उपकेंद्र, जलशुद्धीकरण केंद्र परवानगी काढून दाखवा. आणि मुलीला दुकानातून 'जा, अभ्यास कर' म्हणून उठवू नका. तोही अभ्यासच आहे.

वैष्णवीला मी उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल सांगितलं. त्यांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी तिच्याच जिल्ह्यातली. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले, पण रंग ओळखण्यात दोष निघाला. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. एक दार बंद झालं म्हणून त्यांनी स्वतःला नालायक ठरवलं नाही.

आईची काळजी वेगळी होती. "सीईटीत मागे पडली तर?" तिला सांगितलं, ताई, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्याला सीईटी नाही, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. वैष्णवीने अजून काही ठरवलेलं नाही. नववीत ठरवायची गरजही नाही, हे आता आईलाही पटलं आहे.