‘भस्म्या’ ताणाने होत नाही

प्रश्न आला आहे की ताण आला की खात सुटणाऱ्याला ‘भस्म्या झालाय’, म्हणजे कितीही खाल्लं तरी न भागणाऱ्या भुकेचा रोग जडलाय, असं म्हणावं का, आणि नसेल तर काय म्हणावं?

म्हणू नये. परीक्षेच्या आदल्या रात्री बिस्किटांचा पुडा संपवला की लगेच भस्म्या! भस्म्या म्हणजे भस्मक, आणि तो आयुर्वेदातला नेमका विकार आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, म्हणजे उपचारांच्या भागात, १५व्या अध्यायात तो ‘अत्यग्नी’ म्हणून येतो. कफ क्षीण होतो, वाताच्या जोडीने पित्त भडकतं, आणि अन्न पुरेनासं झालं की पोटातला अग्नी शरीरातले रक्तादी धातूच पचवू लागतो. रोगी जेवला की शांत होतो, अन्न जिरताच कासावीस होतो. ताणाने खाणाऱ्याचं पोट बहुतेकदा भरलेलंच असतं, आणि शांती मिळते ती घासापुरती.

पण खरी मजा या नावातल्या ‘भस्म’ शब्दामध्ये आहे. संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंची यादी, म्हणजे धातुपाठ, सांगतो ‘भस भर्त्सनदीप्त्योः’: भस् म्हणजे निंदा करणं किंवा चमकणं. तेवढ्यावरून भस्म म्हणजे चमकणारं, असं सांगणारे पंडित आहेत. राख कधी चमकते? त्यांनी ऋग्वेदाचं आठवं मंडल उघडावं: ‘दद्भिर्वनानि बप्सति’. अग्नीच्या ज्वाळा दातांनी वनं चावतात! बप्सति हे याच भस् धातूचं रूप. म्हणजे भस्म हा आगीने चावून टाकलेला चोथा. आपलं ‘भसाभसा खाणं’ही याच घरातलं, असं माझं ठाम मत, कोशकार त्याला ध्वन्यनुकारी, म्हणजे आवाजावरून बनलेला शब्द, म्हणोत बापडे.

हां, मूळ प्रश्न. मराठीत ‘खा खा सुटणे’ आहे की! ही खा खा अचानक येते, ठरावीक गोड-खारट-तळलेलंच मागते. खरी भूक हळूहळू वाढते आणि साध्या जेवणावर भागते. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि अशा खाण्याची ओढ लागते. दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात चालून या. तरी खावंसं वाटलं तर पुड्यातून नव्हे, ताटलीत काढून बसून खा. भरपाई म्हणून पुढचं जेवण मात्र बुडवू नका, संध्याकाळी दुप्पट खा खा सुटते. हात आवरतच नाही असे प्रसंग आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आणि भरपूर खाऊनही वजन घटत असेल, सारखी तहान-लघवी लागत असेल, तर ताणाला दोष न देता रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासून घ्या.