वाचकांचे प्रश्न : यंत्राच्या आराखड्यातला 'सरबत दा भला'

मागील अंकात या सदरात शीख परंपरेतील मूल्ये आणि शाश्वत विकासासाठीचे तंत्रज्ञान यांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या अंतिम वर्षात शिकते. पावसाळ्यात वस्तीत पाणी साचण्याआधी इशारा देणारे यंत्र हा आमच्या गटाचा प्रकल्प आहे. अहवालात 'सरबत दा भला' (सर्वांचे भले) ही प्रेरणा नोंदवावी असे आम्हाला वाटते. परंतु त्या प्रेरणेमुळे यंत्रात नेमके काय बदलले, असे आमचे मार्गदर्शक विचारतात. आम्ही काय उत्तर द्यावे?
— विद्यार्थिनी, सायन कोळीवाडा

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. प्रेरणा प्रस्तावनेच्या पानावर राहिली आणि आराखड्यात उतरली नाही, तर ती केवळ सजावट ठरते. अरदासच्या, म्हणजे शीख प्रार्थनेच्या, अखेरीस शीख माणूस सर्वांचे भले मागतो. आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत होते. याविषयी तक्रार गेली तेव्हा गुरू गोविंदसिंगांनी त्यांना दोष दिला नाही, उलट जखमांवर लावण्यासाठी मलमही दिले, असे परंपरा सांगते. तुमच्या यंत्राबाबत यातून पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, इशारा सर्वांत शेवटी कोणाला मिळणार आहे, किंवा कोणाला मुळीच मिळणार नाही?

इशारा फक्त मोबाइल अ‍ॅपवर येणार असेल, तर साधा फोन वापरणारी घरकामगार महिला, तळमजल्याच्या खोलीत एकटे राहणारे आजोबा आणि रात्रपाळी करून दिवसा झोपलेला कामगार हे तिघेही त्यातून सुटतात. म्हणून गल्लीच्या तोंडाशी दिवा आणि भोंगा हवा, साध्या फोनवर मराठी व हिंदीतून बोलणारा स्वयंचलित कॉल हवा, आणि अ‍ॅप त्यानंतर. हा बदल प्रेरणेमुळे झाला, असे तुम्ही परीक्षकांना निःसंकोच सांगू शकता.

आता यंत्राकडे वळू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि त्यानंतर या शहरात पूर्वसूचनेवर पुष्कळ काम झाले आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महानगरपालिका यांची 'आयफ्लोज' ही पूर-इशारा प्रणाली २०२० मध्ये सुरू झाली. तुम्ही तिची नक्कल करू नका. मोठी प्रणाली विभागाचा अंदाज देते. तुमचे यंत्र एका नाल्याची आणि एका गल्लीची खबर देईल.

लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारा उघड्या जाळीचा अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनीचा प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून पाण्यापर्यंतचे अंतर मोजणारा) मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत फार टिकत नाही, त्यामुळे थोडे अधिक पैसे मोजून बंद तोंडाचा जलरोधक सेन्सर घ्या. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ३० अंशांना सुमारे ३४९ मीटर असतो; हा फरक लक्षात घेतला नाही, तर तीन मीटर अंतराच्या मोजणीत सुमारे पाच सेंटिमीटरची चूक होते. म्हणून शेजारी तापमापक सेन्सर बसवा. नाल्यात तरंगणाऱ्या पिशव्या आणि थर्माकोल खोटा प्रतिध्वनी देतात. लागोपाठ अनेक मोजण्या घेऊन, त्या चढत्या क्रमाने लावून मधली संख्या स्वीकारली की हा दोष बराच कमी होतो, आणि त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज नाही. ती खरी उपयोगी पडेल ती पुढच्या पायरीवर. मुंबईत मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यांचे पाणी समुद्रात उतरत नाही. पाऊस, भरतीची वेळ आणि नाल्याची पातळी या तिन्हींवरून पुढच्या तासाभराचा अंदाज बांधणे, हे जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या छोट्या संगणकीय प्रारूपाला (मॉडेलला) चांगले जमते.

वीज हा आणखी एक मुद्दा, आणि विद्यार्थी नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. प्रयोगशाळेत वापरतो त्या तयार बोर्डावरचा दिवा आणि व्होल्टेज रेग्युलेटर मिळून चिप झोपलेली असतानाही सहज १० मिलिअँपिअर ओढू शकतात. म्हणजे दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास. २६०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा सेल अकराव्या दिवशी संपणार, आणि भर पावसात तो बदलायला कोण जाणार? अनावश्यक भाग काढून हाच प्रवाह ०.१ मिलिअँपिअरवर आणला, तर झोपेतला खर्च दिवसाला केवळ २.४ मिलिअँपिअर-तास राहतो. संदेशवहनासाठी भारतात परवान्याविना वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लोरा रेडिओ (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा) वापरल्यास प्रत्येक खांबावर सिमकार्ड लागत नाही. जे यंत्र पावसाळाभर न थकता चालते आणि ज्याचा प्रत्येक भाग पेचकस घेऊन बदलता येतो, तेच शाश्वत म्हणावे.

अखेरची सूचना 'वंड छको' या शिकवणीतून येते. आपल्या कमाईतला वाटा इतरांना देऊन मगच खावे, असे गुरू नानकांनी सांगितले. तुमचे सर्किट, प्रोग्राम आणि हंगामभराच्या नोंदी खुल्या ठेवा, म्हणजे कुर्ल्यातल्या किंवा चेंबूरमधल्या विद्यार्थ्यांना शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतःच एवढी वीज आणि पाणी पिते. तिला शाश्वत विकासाचे साधन म्हणणे प्रामाणिक आहे का?
— निवृत्त अभियंता, मुलुंड

उत्तर : तुमची शंका मला मान्य आहे, आणि ती शंका जागी ठेवूनच हे तंत्र वापरायला हवे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल, असे ती संस्था म्हणते. यात सर्व प्रकारची डेटा सेंटरे आली, तरी वाढीचे मोठे कारण कृत्रिम बुद्धिमत्ताच आहे. ऐरोली आणि महापे परिसरातल्या उंच, खिडक्या नसलेल्या इमारती आपण जाता-येता पाहतोच.

गुरू नानकांच्या 'जपुजी साहिब' या रचनेच्या अखेरच्या सलोकात (श्लोकात) वाऱ्याला गुरू, पाण्याला पिता आणि धरतीला माता म्हटले आहे. या नात्याचा मान ठेवायचा, तर प्रत्येक कामाला मोठे प्रारूप लावण्याचा मोह टाळावा लागेल. पहिल्या उत्तरात नाल्याच्या पाण्याच्या ज्या अंदाजाचा उल्लेख केला, तो काही किलोबाइटच्या प्रारूपावर, बोटभर चिपमध्ये होऊ शकतो. याउलट भारतीय भाषांमधील भाषांतर आणि वाणी-ओळख यांसाठी मोठी प्रारूपे लागतात, आणि मला ती योग्य कारणासाठीची गुंतवणूक वाटते. शासनाचा 'भाषिणी' उपक्रम त्याच दिशेने आहे. 'किरत करो', म्हणजे प्रामाणिक श्रमाने कमवा, ही शिकवणही येथे लागू होते. प्रारूपे शिकवण्यासाठी हजारो माणसे चित्रांना आणि आवाजांना नावे देत बसतात. त्यांना रास्त मोबदला मिळाला का, हे विचारल्याविना आपण वापरत असलेल्या साधनाला नैतिक म्हणू नये.

प्रश्न : तंत्रज्ञानाच्या चर्चेत शीख परंपरा आणणे आम्हा मराठी वाचकांना काहीसे परके वाटते.
— वाचक, गिरगाव

उत्तर : परके वाटण्याचे कारण नाही. गुरू ग्रंथ साहिबमध्ये संत नामदेवांची ६१ पदे आहेत, पंजाबातील घुमान येथे त्यांची स्मृती जपली जाते आणि २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला तो आपल्या नांदेडला. तंत्रज्ञानाचे म्हणाल, तर मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेल्या डॉ. नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्ये काचतंतूंच्या (ऑप्टिकल फायबरच्या) जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून येणाऱ्या केबली प्रकाश वाहतात, त्यामागे अशा संशोधकांचे काम आहे. कपानी यांनी १९६७ मध्ये शीख फाउंडेशनही स्थापन केले, आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

प्रश्न : घरात जुने फोन, चार्जर आणि एक बंद लॅपटॉप पडून आहे. भंगारवाल्याला द्यावे का? आणि यात सेवा ती कोणती?
— गृहिणी, कुर्ला

उत्तर : तुमच्या पत्राचे मला विशेष अप्रूप वाटले, कारण साकीनाका आणि कुर्ला परिसरात हा कचरा फोडून पोट भरणारी माणसे तुमच्या शेजारीच राहतात. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. तांबे काढण्यासाठी वायरी जाळल्या की त्यांवरच्या प्लॅस्टिकमधून विषारी धूर निघतो, आणि सोने सोडवण्यासाठी वापरलेले आम्ल गटारात जाते. तो धूर आधी जाळणाऱ्याच्या छातीत जातो, मग तुमच्या आमच्या.

लॅपटॉप प्रथम दुरुस्त होतो का ते पाहा. पुष्कळदा केवळ बॅटरी किंवा डिस्क बदलली की तो चालू लागतो. चालू झाला, तर आपली माहिती पूर्णपणे पुसून एखाद्या अभ्यासिकेला द्या. शीख कुटुंबे उत्पन्नाचा दहावा भाग दसवंध म्हणून बाजूला काढतात. उपयोगी वस्तू वेळेवर सोडून देणे हेही मी त्याच भावनेचे मानतो. जे चालण्याजोगे नाही, ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राला किंवा उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्राला द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे दुकानात विचारताना संकोच करू नका. फोनची बॅटरी फुगलेली असेल, तर ती टोचू नका, दाबू नका, चार्जही करू नका. ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता कोरडी वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात वेगळी ठेवून केंद्रावर पोहोचवा, आणि डबा हातात देताना आत काय आहे ते तेथील कामगाराला स्पष्ट सांगा.