डोमकळी, डार्विन आणि देव

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

सप्ताहात महाराज म्हणाले, माणूस देवानं घडवला. दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. खरं कोणाचं मानू, असं विचारलंस.

आधी वावरात जा. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, एखादं फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं दिसेल. तीच डोमकळी. पाकळ्या सोडव, आत गुलाबी बोंडअळी सापडेल. २००२ मध्ये अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी बीटी कपाशी आली, २००६ मध्ये दोन जनुकांची आली, तेव्हा ही अळी तिच्यावर मरत होती. २०१७ च्या हंगामात तिनंच आपली बोंडं पोखरली आणि वेचणीला कवडी हाती आली. अळी काही शहाणी झाली नव्हती. एखादीच्या अंगात ते विष सोसायची ताकद जन्मजात होती. बाकीच्या मेल्या, तिची पिलावळ उरली, वाढली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी यायची ती यासाठीच, की तिच्यावर जगलेल्या साध्या पतंगांशी या ताकदवानांचा संकर व्हावा आणि ती ताकद पिढीत पसरू नये. बहुतेकांनी ती लावलीच नाही. हीच उत्क्रांती. उत्क्रांती न मानणाऱ्याचंही वावर तिनं सोडलं नाही!

म्हणून देव जातो का? मला नाही वाटत. उत्क्रांती मांडणारा डार्विन स्वतः शेवटी अज्ञेयवादाकडे, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही या मताकडे, झुकला, तरी १८७९ मधल्या एका पत्रात त्यानं लिहिलं की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो. दोब्झान्स्की हा मोठा जनुकशास्त्रज्ञ तर श्रद्धाळू ख्रिस्ती होता. देवाची सृष्टी उत्क्रांतीतूनच घडते, असं तो मानायचा.

दशावताराचा दाखला मात्र देऊ नको. मत्स्य, कूर्म, वराह अशी रांग लावून ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ म्हणणारे भेटतील. त्या कथांत कासवापासून वराह जन्मत नाही. प्रत्येक वेळी विष्णूच येतो. उत्क्रांतीत सगळी गोष्ट वंशाची आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. १८६० मध्ये डार्विननं एसा ग्रे या आस्तिक वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं, की जिवंत सुरवंटाला आतून खाणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू देवानं मुद्दाम घडवल्या, हे मनाला पटत नाही. आपण कपाशीत ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा माशीचं कार्ड, लावतो त्यातही असलाच प्रकार. ती इवलीशी माशी बोंडअळीच्या अंड्यात अंडं घालते, तिची अळी ते आतून फस्त करते. आपण तिला मित्रकीटक म्हणतो, बोंडअळीला विचारलंय कोणी? देव मानायचा तर ही माशीही त्याचीच. मोर आणि कमळ तेवढे त्याचे, असं चालत नाही. मी मानतो, पण हा प्रश्न सुटला म्हणून नव्हे.

या विषयावर घरी वाद घालू नको. आईसोबत शेगावला खुशाल जा. आणि पेपरात उत्क्रांतीचे पुरावे विचारले तर अवशेषांगं, जोडणारे दुवे, भ्रूणविज्ञान, सगळं उदाहरणांसकट लिही. तिथं देव आणलास तर गुण मिळणार नाहीत.

तुझे,
गुरुजी