वही आधी परत द्या, भाऊ

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली, 68 टक्के. मी म्हणतो पोलीस भरती कर, नाहीतर डी.एड. तिला क्रीडा पत्रकार व्हायचं आहे. कॉलेजात एका पत्रकाराचं भाषण झालं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत देशोदेशीच्या माणसांशी कशी मैत्री झाली, ते त्यांनी सांगितलं. तेव्हापासून तिचं हेच चालू आहे. दिव्या देशमुखच्या सामन्यांवर तिनं एक वही भरली होती. ती मी कपाटात टाकून कुलूप लावलं. परक्या माणसांशी ओळखी करत फिरणं ही काय नोकरी झाली? दिवाळीनंतर पाहुणे येणार आहेत. तिला कसं समजावू? – एक शेतकरी वडील

उत्तर : भाऊ, 68 टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी त्या कुलुपाची आहे.

वही तुम्ही उघडून पाहिली का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक झाला. अंतिम फेरीत नागपूरची दिव्या आणि कोनेरू हम्पी समोरासमोर होत्या. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद टायब्रेकमध्ये लागला. खेड्यात बसून, कोणी सांगितलेलं नसताना, एका मुलीनं ही स्पर्धा वहीत उतरवून ठेवली. या कामासाठी माणूस निवडताना मी मार्कशीटआधी अशी वही मागेन. वहीला कुलूप लावून तुम्ही लेकीला एवढंच शिकवलंत की आपलं काम बापापासून लपवायचं असतं. ती लिहायचं थांबणार नाही, फक्त तुम्हाला सांगणं बंद करेल. मुलगी हाताबाहेर जाईल या धास्तीनं तुम्ही हे केलंत, पण मुली दुरावतात त्या अशानंच. आणि भरतीला नाही म्हणते म्हणून पाहुणे बोलावणं हा धाक झाला. यंदा त्यांना नको म्हणा.

आता मैत्रीबद्दल. तुमचा एक गैरसमज आहे, आणि लेकीचाही अर्धा असावा. तुम्हाला वाटतं खेळाडूंच्या मागे फिरायचं. तिला वाटत असेल की मोठे खेळाडू मित्र होतील. प्रत्यक्षात सामना संपला की खेळाडू एका कठड्यालगतच्या वाटेनं बाहेर पडतात, तिला मिक्स्ड झोन म्हणतात. प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या वाहिन्या आधी, मग वृत्तसंस्था, वर्तमानपत्रवाले शेवटी. तिथवर येईतो खेळाडू थकलेला असतो, हरलेला असेल तर पुष्कळदा न थांबता निघून जातो. थांबला तर दोन-तीन मिनिटं, म्हणजे वाट्याला एखादाच प्रश्न. सही किंवा सेल्फी मागायला मोठ्या स्पर्धांत मनाई असते, ओळखपत्र काढून घेतलं जाऊ शकतं.

मैत्री होते ती त्या कठड्याला खेटून उभ्या असलेल्या दुसऱ्या पत्रकाराशी. गोंगाटात तुम्हाला उत्तर ऐकू आलं नाही तर तो आपलं रेकॉर्डिंग ऐकवतो. आपला खेळाडू मराठीत किंवा हिंदीत बोलला की तुम्ही त्याला अर्थ सांगता. सगळ्यांसमोर बोललेलं वाटून घ्यायचं, एकट्यानं मिळवलेलं स्वतःकडे ठेवायचं, हा रिवाज जगभर आहे. जो नुसतं घेतो आणि देत नाही, त्याला चार दिवसांत कोणी विचारत नाही. नावाचा उच्चार संघाच्या माध्यम व्यवस्थापकाकडून पक्का करायचा, दुभाष्याशी आणि स्वयंसेवकांशी नीट बोलायचं, कारण बस कुठून सुटते आणि सराव कधी बदलला हे त्यांनाच आधी कळतं.

खेळाडू किंवा प्रशिक्षकाशी सलगी झाली तर खरी अडचण तिथून सुरू होते. दुखापतीची बातमी हाती लागते आणि तो म्हणतो, छापू नका. ‘हे छापायचं नाही’ ही अट बोलण्याआधी ठरलेली असली तरच बांधील, बोलून झाल्यावर घातलेली नाही. लेकीनं हे आतापासून पक्कं धरावं. बाटुमीसारख्या अंतिम फेरीत दोन्ही खेळाडू भारताच्या असतात, तेव्हा नागपूरची जिंकली म्हणून हम्पीचा डाव कुठे सुटला हे गाळता येत नाही. तिच्या वहीत हम्पीची बाजू किती पानं आहे, ते जरूर पाहा.

मुलगी म्हणून तुम्हाला वाटणारी भीती मी खोटी ठरवणार नाही. त्रास देणारी माणसं याही क्षेत्रात आहेत. पण कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकानं दिलेलं वाहनसुद्धा कामाची जागाच धरली आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती लागतेच, त्याहून लहान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि तक्रार तीन महिन्यांत करायची असते. हे लेकीला तुम्ही स्वतः सांगा. बापाला माहीत आहे एवढ्यानंच ती वेळेवर बोलेल. मोठ्या स्पर्धांत प्रेस सेंटर, मैदान आणि हॉटेल यांच्यामध्ये पत्रकारांच्या बसेस असतात. खोली वाटून घ्यायची तर आधीपासून ओळखीच्या महिला पत्रकाराबरोबर घ्यावी.

पैशाचं मात्र ऐकून ठेवा. तालुक्याच्या बातमीदाराला बहुतेकदा बातमीवर थोडेसेच मिळतात, कधी काहीच नाही, वर जाहिराती आणायला सांगतात. मराठी वर्तमानपत्रं परदेशी माणूस क्वचितच पाठवतात, वृत्तसंस्थेची बातमी घेऊन अनुवाद करतात. म्हणून इंग्रजी पक्कं हवं, त्याशिवाय वृत्तसंस्थेचं दार उघडत नाही. आशियाई किंवा ऑलिंपिक स्पर्धेचं ओळखपत्र मागून एकट्यादुकट्याला मिळत नाही. जागा ठरावीक असतात, अर्ज आपल्या वर्तमानपत्रामार्फत किंवा वृत्तसंस्थेमार्फत आणि बरेच महिने आधी जातो. त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं. आपल्याकडे आधारवर एक स्पेलिंग आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं असतं. ते आताच सारखं करून घ्या.

भरती, डी.एड., एमपीएससी हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, पदवीनंतरही काही बंद होत नाहीत. आत्ता इंग्रजी आणि मराठी घेऊन जवळच्या कॉलेजात बी.ए. करू द्या. पुढे अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेत मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे, नागपूर विद्यापीठातही जनसंवाद विभाग आहे. शेत गहाण ठेवून पुण्या-मुंबईच्या खासगी संस्थेची फी भरू नका.

या हिवाळ्यात जवळपास कुठे कबड्डीचे सामने झाले की तिला घेऊन जा आणि तुम्हीही बसा. सामना संपल्यावर दोन्ही संघांचे गुण, लोण कोणत्या मिनिटाला बसला, कोणत्या पकडीनं सामना फिरला आणि हरलेल्या कर्णधाराचं एक वाक्य, एवढं दोनशे शब्दांत तिनं रात्री नऊच्या आत लिहून द्यावं. ग्रामीण आवृत्तीची पानं लवकर लागतात, साडेदहाला आलेली बातमी कितीही चांगली असली तरी पडून राहते. नावं दोनदा तपासावीत, कारण चुकलेलं नाव गावात वर्षभर ऐकावं लागतं. अशा दहा बातम्या झाल्या की मला पाठवा, वहीसकट. त्या वाचूनच पुढचं सांगेन. पण वही आज संध्याकाळीच तिच्या हातात द्या.