बर्मा शेलचे पेट्रोल पंप एकाएकी कुठे गेले?

पंप तिथेच राहिले, पाट्या बदलल्या. आजची भारत पेट्रोलियम म्हणजेच जुनी बर्मा शेल.

बर्मा ऑइल आणि शेल या दोन परदेशी तेल कंपन्यांनी भारतातला विक्रीचा धंदा १९२८ मध्ये एकत्र केला. तेव्हा मोटारी होत्याच किती! खप मोठा होता तो रॉकेलचा. डबे गावोगाव पोचवता पोचवता कंपनीचं वितरणाचं जाळं देशभर पसरलं. पुढे १९५५ मध्ये मुंबईत माहुलची रिफायनरी सुरू झाली. घरगुती गॅसही आणला, ‘बर्शेन’ नावाने.

माझ्या मते घसरण १९६० च्या सुमारास सुरू झाली. सोव्हिएत रशिया स्वस्तात कच्चं तेल द्यायला तयार होता, पण ते शुद्ध करून द्यायला बर्मा शेल, स्टॅनव्हॅक (हीच पुढची एसो) आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांनी नकार दिला. स्वतःच्या मालक कंपन्यांचं महाग तेल कोण सोडणार? मग सरकारने स्वतःच्या कंपनीवर भर दिला. त्यातूनच १९६४ मध्ये इंडियन ऑइल कॉर्पोरेशन उभी राहिली आणि बाजार हळूहळू तिच्याकडे सरकला. त्यात १९७३ चा तेलाच्या किमतींचा भडका. एसो १९७४ मध्ये सरकारकडे गेली (तीच आजची एचपी, म्हणजे हिंदुस्तान पेट्रोलियम; कॅलटेक्सही नंतर तिच्यातच आली). तिकडे ब्रिटनमध्ये बर्मा ऑइल स्वतःच इतकी अडचणीत आली, की बँक ऑफ इंग्लंडला धावून जावं लागलं.

२४ जानेवारी १९७६ रोजी सरकारने बर्मा शेल ताब्यात घेतली. आधी ‘भारत रिफायनरीज’ आणि १९७७ पासून ‘भारत पेट्रोलियम’. बर्शेनचा झाला भारत गॅस.